डिस्चार्ज बुकात पदकाची नोंद नसेल तर ती घालून घेण्यासाठी काय करावं?

तुरीच्या_शेंगा
आमच्या दारव्हा तालुक्यातल्या एका माजी हवालदारांचं काम आहे. फेब्रुवारी १९७० ची भरती, ब्रिगेड ऑफ द गार्ड्स, १९८५ ला पेन्शनीवर. १९७१ च्या युद्धात त्यांची पलटण पूर्वेकडे होती. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या डिस्चार्ज बुकाच्या पदकांच्या पानावर संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल एवढं वाचता येतं. पूर्वेच्या आघाडीचं 'पूर्वी स्टार' हे पदक मात्र दिसत नाही.

पेन्शनीचं काही दुखणं नाही, ती वेळेवर येते. काकांना फक्त ती नोंद हवी आहे. अर्ज कुठे करायचा, कोणते कागद लावायचे, कुठल्या भाषेत लिहायचा? जाणकारांनी कृपया सांगावं. "प्रयत्न करून पाहा" सांगणारे तीनजण गावात आधीच आहेत.

निवृत्त_हेडक्लार्क
आधी नोंद कशी होते ते समजून घ्या, म्हणजे ती कुठे अडकते ते कळेल.

पदक दोन जातीचं असतं. वीरचक्र, सेना मेडल ही शौर्याची पदकं भारताच्या राजपत्रात नावानिशी छापून येतात. राजपत्राचा अंक सापडला की वाद संपला. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम, रक्षा, सैन्य सेवा ही पदकं पात्रतेवर मिळतात. यांची नावं राजपत्रात येत नाहीत. पलटण पात्र जवानांची यादी करते, त्यावरून पार्ट टू ऑर्डर (नोंद घेण्याचा लेखी आदेश) निघते, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथला कारकून ती त्या जवानाच्या शीट रोलवर (सेवेच्या मूळ नोंदपत्रावर) चढवतो. डिस्चार्ज बुक हे निवृत्तीच्या वेळी शीट रोलवरून उतरवून काढलेलं असतं.

म्हणजे चूक चार ठिकाणी होऊ शकते. (अ) पलटणीच्या यादीत नावच नव्हतं. (आ) यादीत होतं, पण पार्ट टू ऑर्डरमध्ये नंबर चुकला. (इ) ऑर्डर बरोबर, शीट रोलवर चढवायची राहिली. (ई) शीट रोलवर आहे, बुकात उतरवताना गळली. शेवटचे दोन प्रकार एका पत्रात सुटतात. पहिला सगळ्यात जड, कारण तिथे पात्रता नव्याने सिद्ध करावी लागते.

म्हणून पहिल्या अर्जात "मला पूर्वी स्टार द्या" असं लिहू नका. "माझ्या शीट रोलमध्ये कोणकोणत्या पदकांच्या नोंदी आहेत, प्रत्येकीचा पार्ट टू ऑर्डर क्रमांक व तारीख काय, ते कळवावे. पूर्वी स्टारची नोंद नसल्यास पात्रता तपासून ती घ्यावी" असं लिहा. यातून अडचण (अ) ची आहे की (ई) ची, ते उत्तरातच कळतं.

संत्रा_बर्फी
म्हणजे सातबाऱ्यासारखंच. फेरफार झाला, पण सातबाऱ्यावर चढला नाही.

निवृत्त_हेडक्लार्क
तंतोतंत. पार्ट टू ऑर्डर म्हणजे फेरफार, शीट रोल म्हणजे सातबारा, डिस्चार्ज बुक म्हणजे तुमच्या हातातला उतारा. उताऱ्यावर पेनानं लिहून फायदा नाही. आणि कोणीही कितीही प्रेमानं सांगितलं तरी बुकात स्वतःच्या हातानं काही भरू नका. खाडाखोड दिसली की बाकीच्या खऱ्या नोंदींवरही संशय घेतात.

पांदणरस्ता
भौ, सरळ यवतमाळले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा ना. तेथले कल्याण संघटक अर्ज लिहून देतात, पुढं पाठवूनही देतात. काकाईले कायले कामठीच्या रेकॉर्ड ऑफिसच्या वाऱ्या करायले लावता?

निवृत्त_हेडक्लार्क
पांदणरस्ता, अर्ज लिहून घ्यायला जरूर जा. पण तो "पाठवून देतील" यावर थांबू नका. शीट रोल जिल्हा कार्यालयाकडे नसतो, त्यामुळे निर्णय त्यांच्या हातात नाही. मूळ अर्ज थेट रेकॉर्ड ऑफिसला, प्रत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना. त्यांनी शिफारसपत्र दिलं तर ते मूळ अर्जालाच जोडा. दोन्हीकडून वेगवेगळे मूळ अर्ज गेले की दोन फायली उघडतात आणि एकीचं उत्तर दुसरीत जातं.

पांदणरस्ता
हे पटलं. शिफारसपत्र घ्याचं, पण पोस्टात आपणच टाकाचं.

काळी_माती
अर्ज लिहिण्याआधी बुकातलं दुसरं पान उघडा, कोणकोणत्या युनिटात किती काळ होते ते. टी.ओ.एस. म्हणजे युनिटच्या हजेरीपटावर घेतल्याची तारीख, एस.ओ.एस. म्हणजे तिथून कमी केल्याची. फेब्रुवारी १९७० ची भरती असेल तर रिक्रूट ट्रेनिंग संपवून १९७१ च्या डिसेंबरपर्यंत ते पलटणीत पोचलेले असायलाच हवेत. तरी बघा. ३ डिसेंबर १९७१ ला माणूस ट्रेनिंग सेंटरमध्ये, दवाखान्यात किंवा दुसऱ्या फॉर्मेशनला अटॅचमेंटवर (तात्पुरत्या नेमणुकीवर) असेल तर त्याला संग्राम मेडल मिळतं, स्टार मिळेलच असं नाही. संग्राम त्या काळात सेवेत असलेल्यांसाठी होतं, स्टार त्या त्या आघाडीच्या ठरलेल्या भागात असलेल्यांसाठी. "पलटण तिकडे होती" आणि "हा माणूस पलटणीसोबत तिकडे होता" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. रेकॉर्डवाले दुसरं वाक्य तपासतात.

आणखी एक. अटॅचमेंटवर असलेल्यांचाच घोटाळा जास्त होतो. मूळ पलटण समजते की जिथे अटॅच आहे ते युनिट यादीत घेईल, ते युनिट समजतं मूळ पलटण घेईल. तसं असेल तर अर्जात दोन्ही युनिटांची नावं आणि तारखा द्या.

कामठी_लोकल
गार्ड्सचं रेकॉर्ड ऑफिस कामठीलाच आहे, त्यामुळे तुमचं नशीब चांगलं. महारवाल्यांना सागर, मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांना बेळगाव, तोफखान्याला नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सना खडकी, सिग्नल्सना जबलपूर, ईएमईला सिकंदराबाद. ज्या इन्फन्ट्री पलटणी १९७९ पासून मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटमध्ये गेल्या, त्यांच्या लोकांचे कागद अहिल्यानगरला असू शकतात. गार्ड्समध्येही मेकॅनाइज्ड पलटणी आहेत, पण त्या गार्ड्सच राहिल्या, म्हणून रेकॉर्ड कामठीच.

पलटण कोणती? ४ गार्ड्स, ८ गार्ड्स आणि १४ गार्ड्स १९७१ ला पूर्वेला लढल्या. ८ गार्ड्स हिलीला, १४ गार्ड्स आखौऱ्याजवळ गंगासागरला. लान्स नायक अल्बर्ट एक्का, परमवीर चक्र, १४ गार्ड्सचेच. हिलीची लढाई नोव्हेंबरच्या शेवटी सुरू झालेली आहे, ३ डिसेंबरच्या आधी. त्यामुळे काका ८ गार्ड्सचे असतील तर अर्जात नोव्हेंबरपासूनच्या तारखा लिहा, फक्त डिसेंबरच्या नको.

प्रत्यक्ष जायचं असेल तर सोमवार ते शुक्रवार, सकाळी. मूळ डिस्चार्ज बुक, माजी सैनिक ओळखपत्र आणि आधार दाखवायला न्या, पण द्यायच्या फक्त झेरॉक्स. मूळ बुक टेबलावर ठेवून चहाला जाऊ नका. आणि १९७१ ची कागदपत्रं त्याच दिवशी काढून दाखवतील अशी आशा ठेवू नका. त्या फेरीचा उपयोग एकच, अर्ज आवक विभागात देऊन दुय्यम प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेणे. हे काम स्पीड पोस्टनंही होतं. पंचाहत्तरीच्या माणसाला दारव्ह्याहून एसटीनं नागपूर आणि पुढे कामठी असं नेण्याइतकं ते मोठं नाही.

ठेचा_भाकर
एक इचारतो, राग मानू नका. या वयात, पैसा एक वाढणार नाही, तर कायले हा खटाटोप?

बोंडअळी_त्रस्त
ठेचाभाऊ, बोंडअळीनं खाल्लेल्या कपाशीचाही पंचनामा आपण करून घेतोच ना.

निवृत्त_हेडक्लार्क
पैशाबद्दल एकदा स्पष्ट सांगतो, कारण गावोगाव यावर अफवा आहेत. पूर्वी स्टारसारख्या पदकावर मासिक भत्ता नसतो. भत्ता शौर्यपदकांना आहे. १ ऑगस्ट २०१७ पासूनचे दर परमवीर चक्राला २०,०००, महावीर चक्राला १०,०००, वीरचक्राला ७,००० आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,००० रुपये महिना. तिथे मात्र पेन्शनच्या कागदात दुरुस्ती लागते, स्पर्श या पेन्शन पोर्टलवर आणि प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयापर्यंत काम जातं. स्टारसाठी पीपीओला (पेन्शनच्या आदेशाला) हात लावायची गरजच नाही. त्यामुळे "थकबाकी काढून देतो, इतके टक्के द्या" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. या अर्जाला रेकॉर्ड ऑफिस फी घेत नाही.

वाचनमात्र_५२
अर्ज मराठीत चालेल का?

कामठी_लोकल
हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. रेकॉर्डच्या टेबलावर गढवालचा कारकून असू शकतो, केरळचाही. एक पान पुरे. हे सगळं त्यात यायला हवं: पर्सनल नंबर, हुद्दा, नाव, पलटण, भरतीची तारीख, निवृत्तीची तारीख, पीपीओ क्रमांक, १९७१ मध्ये कोणत्या युनिटात, कोणत्या कंपनीत, पिनकोडसह पत्ता, मोबाइल.

नंबर लिहिताना शेवटचं इंग्रजी अक्षर सोडू नका. तो नंबर बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठीच ते अक्षर असतं. नाव डिस्चार्ज बुकात आहे तसंच. आधारवर "रामरावजी" आणि बुकात "रामा" असेल तर अर्जात "रामा", आणि खाली कंसात आधारवरचं नाव. उलट केलं की तुमचा माणूस त्यांना सापडतच नाही.

कोणी नायब सुभेदार किंवा सुभेदार होऊन निवृत्त झाले असतील तर त्यांना नवा जेसी नंबर मिळालेला असतो. जवान असतानाच्या पदकांची पार्ट टू ऑर्डर जुन्या नंबरावर निघालेली असते. अशांनी दोन्ही नंबर द्यायचे. या काकांना तो प्रश्न नाही, हवालदार म्हणूनच निवृत्त झालेत.

काळी_माती
नंबरची खात्री करायची साधी युक्ती. घरात एखादं मेडल असेल तर त्याच्या काठावर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. भिंग घेऊन तिरप्या उजेडात बघा. स्टारला काठ नसतो, त्याच्या पाठीमागे असतं. मेडलवरचा नंबर आणि बुकातला नंबर यात एका आकड्याचाही फरक असेल तर तीच तुमची चूक (आ).

शेतशिवार
त्या काठासाठी कोणी ब्रासो मारू नका. दर पंधरा ऑगस्टला घासून घासून अक्षरं पुसलेली मेडलं गावोगाव आहेत. कोरड्या मऊ कापडानं पुसलं तरी पुष्कळ.

अर्जुनी_मोरगाव
जवान हयात नसेल तर? आमच्याकडे असा एक विषय आहे, पत्नी हयात आहेत.

निवृत्त_हेडक्लार्क
वीरपत्नी असोत की माजी सैनिकाची विधवा, नोंद असलेल्या वारसानं अर्ज करायचा. जोडायचं ते मृत्यूचा दाखला, कुटुंब पेन्शनचा पीपीओ, त्यांचं ओळखपत्र. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघालेली नसेल किंवा तिच्यात बाईंचं माहेरचं नाव असेल तर आधी ते निस्तरावं लागतं. कुटुंब पेन्शन सुरू असेल तर तो भाग झालेलाच समजा. मुलानं अर्ज केला तर "आई हयात असताना तुम्ही का" असं पत्र येतं, म्हणून सही किंवा अंगठा आईचाच. अंगठा असेल तर शेजारी साक्षांकन घ्या. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी करून देतात.

कलम_सहा
माहिती अधिकाराचं कोणीच कसं बोललं नाही? पहिल्याच दिवशी टाका. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन, ३० दिवसांत उत्तर बंधनकारक.

निवृत्त_हेडक्लार्क
पहिल्या दिवशी नको. माहिती अधिकारात "माहिती" मिळते, "नोंद घाला" असा आदेश मिळत नाही. माणसं प्रश्न विचारतात, "माझी नोंद का घेतली नाही?" आणि उत्तर येतं, "कारणे विचारणे माहितीच्या व्याख्येत बसत नाही." आणि महिना गेला.

कलम_सहा
प्रश्न चुकीचा विचारला तर हत्याराला दोष कशाला? "का" विचारायचंच नाही. कागद मागायचे. असे:
१. माझ्या शीट रोलच्या पदकांच्या नोंदी असलेल्या पानाची साक्षांकित प्रत.
२. पूर्वी स्टारबाबत माझ्या नंबरावर निघालेल्या पार्ट टू ऑर्डरची साक्षांकित प्रत.
३. माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत.

पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील असतील तर दाखला जोडा, फी नाही. अर्ज स्वतः जवानाच्या नावानं आणि सहीनं. पुतण्यानं केला तर तिसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती म्हणून नाकारतात, आणि ते नाकारणं नियमात बसतं. ऑनलाइन करायचं तर केंद्राच्या पोर्टलवर भारतीय सेना निवडा. राज्याच्या पोर्टलवर टाकू नका, तिथे सेना नाही. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला फी नाही. त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोग.

तिसरा मुद्दा पाहिलात तर मी हेडक्लार्कसाहेबांशी सहमतच झालो आहे. आधी अर्ज, मग माहिती अधिकार.

निवृत्त_हेडक्लार्क
मग वादच मिटला. अर्ज, दोन महिन्यांनी स्मरणपत्र (आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक घालून), त्यानंतर कलम_सहांचे तीन मुद्दे. दुसरा मुद्दा उत्तम आहे, "अशी ऑर्डर उपलब्ध नाही" हे लेखी आलं तरी तेही उपयोगी.

संत्रा_बर्फी
शपथपत्र लागेल ना? सेतूत ५०० चा बाँड घ्या म्हणतात.

पांदणरस्ता
१०० चा मिळत होता ना?

कलम_सहा
महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० आणि २०० च्या जागी किमान ५०० झाले. पण सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या आदेशानं माफ आहे, ते साध्या कागदावर करता येतं. तरी स्टॅम्पविक्रेता आणि टायपिंगवाला दोघंही बाँडच घ्या म्हणणार.

काळी_माती
आणि मुळात पहिल्या अर्जाला शपथपत्र लागतच नाही. नोंद तपासून सांगा म्हणायला शपथ कशाची? रेकॉर्डनं पत्रात मागितलं तरच करा आणि त्यांनी मागितलेल्या मजकुरात करा. आधीच केलेलं सहसा पुन्हा करावं लागतं. साथीदारांची शपथपत्रं वगैरे तर फक्त प्रकार (अ) मध्ये, पात्रता नव्यानं दाखवायची असेल तेव्हा. तिथेही सोबतचा जवान त्याच कंपनीतला, त्याच काळातला हवा आणि त्याच्या बुकात ते पदक नोंदलेलं हवं. त्याच्या त्या पानाची झेरॉक्स जोडा. सरपंचाचा दाखला इथे चालत नाही, सरपंच हिलीला नव्हते.

ठेचा_भाकर
सरपंच ग्रामसभेलेच राहत नाहीत, हिलीले कुठले!

शेतशिवार
"कागदपत्रं नष्ट केली आहेत" असं उत्तर आलं तर? असं बऱ्याच जणांना आलेलं ऐकलं.

निवृत्त_हेडक्लार्क
ते उत्तर बहुतेक पेन्शन नसलेल्यांना येतं. आर्मी रेग्युलेशन्सच्या परिच्छेद ५९५ प्रमाणे नॉन-पेन्शनरचे सेवाकागद २५ वर्षांनी नष्ट करतात. लाँग रोल नावाचं रजिस्टर मात्र कायम ठेवतात. पण लाँग रोलमध्ये मोजक्याच गोष्टी असतात, सगळा शीट रोल नसतो. काका पेन्शनर आहेत, त्यामुळे त्यांना असं उत्तर आलं तर स्वीकारू नका. पीपीओची प्रत लावून परत लिहा.

पाच-सहा वर्षं नोकरी करून पेन्शनशिवाय घरी आलेल्यांचं डिस्चार्ज बुक म्हणजे बऱ्याचदा जगातला शेवटचा कागद. त्यांनी ते लॅमिनेट करू नये, पानं चिकटतात आणि शिक्का तपासता येत नाही. आधी सगळ्या पानांचा स्वच्छ उजेडात फोटो घ्या, कोरी पानंसुद्धा.

डीएससी_गेट
एक उपप्रश्न या सगळ्यात सुटतोय. पलटणीतून निवृत्त होऊन डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये दुसरी नोकरी केलेले लोक विदर्भात पुष्कळ आहेत, पुलगावच्या दारूगोळा डेपोवरही ही मंडळी असतात. तिथे नंबर नवा, बुक नवं आणि रेकॉर्ड कन्नूरला. पहिल्या नोकरीतल्या पदकासाठी कन्नूरला लिहून उपयोग नाही. मूळ रेजिमेंटला लिहा, दुरुस्ती झाली की तिची प्रत कन्नूरला पाठवा. उलटं करणाऱ्यांचे अर्ज दोन रेकॉर्डांच्या मध्ये फिरत राहतात.

मोर्शी_मंडी
नोंद झाली की मेडल आपोआप घरी येतं का?

कामठी_लोकल
नाही. नोंद वेगळी, मेडल वेगळं. मेडल कधीच मिळालं नसेल तर तसं स्पष्ट लिहून मागायचं. मिळून हरवलं असेल तर ती दुसरी प्रक्रिया, पोलिसांत हरवल्याची नोंद, किंमत भरणं वगैरे. "मिळालं नाही" आणि "हरवलं" यांत गफलत केली की अर्ज चुकीच्या टेबलावर जातो. त्या काळी फीत आधी मिळे आणि मेडल मागाहून येई, हेही लक्षात घ्या. युद्ध संपल्यावर पदक ठरायचं, टाकसाळीत पडायचं, पलटणीत यायचं, तोवर जवान पोस्टिंगवर गेलेला. त्यामुळे छातीवर फीत आहे, बुकात नोंद आहे आणि घरी मेडल नाही असे लोक भरपूर.

शेतशिवार
मेडलं लावायचा क्रमही सांगून टाका, २६ जानेवारीला ग्रामपंचायतीसमोर बरीच उलटीसुलटी दिसतात.

कामठी_लोकल
मानाचं पदक शर्टाच्या गुंड्यांकडे, मग बाहेर बाहेर. काकांच्या बाबतीत पूर्वी स्टार, संग्राम, पंचवीस वर्षांचं, नऊ वर्षांचं. फीत ३२ मिलिमीटर रुंद. चार मेडलं एका पट्टीवर कोर्ट माउंट करून घेतली की वाऱ्यानं वाजत नाहीत. छावणीच्या बाजारात हे काम करून मिळतं. दिवंगत जवानाची मेडलं घरच्यांनी लावायची तर उजव्या बाजूला.

तुरीच्या_शेंगा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज काकांकडे बसून बुक पुन्हा पाहिलं, काळी_माती यांनी सांगितलेलं पानही. ८ गार्ड्स. टी.ओ.एस. ची तारीख मार्च १९७१, पुढचं एस.ओ.एस. १९७४ चं. मधे दवाखाना किंवा अटॅचमेंट काही नाही.

पण पदकांच्या पानावर एक गंमत निघाली. पहिल्या आणि दुसऱ्या नोंदीच्या मधे तेलाचा डाग आहे, त्याखाली आणखी एक ओळ आहे. मोबाइलचा उजेड बाजूनं पाडल्यावर इंग्रजी पी, मग तिरपी रेघ, मग स्टार असं वाचता येतं. समोरच्या रकान्यात पार्ट टू ऑर्डरचा नंबर, त्यातले शेवटचे दोन आकडे आणि वर्ष अंधुक. पी म्हणजे पूर्वी समजायचं का?

संत्रा_बर्फी
पूर्वीचाही पी आणि पश्चिमीचाही पी. ज्यानं हे छोटं रूप काढलं त्याचा सत्कार करा!

निवृत्त_हेडक्लार्क
तुरीच्या शेंगा, तुमचा विषयच बदलला. हे "नोंद घाला" प्रकरण राहिलं नाही. नोंद आहे, ती वाचता येत नाही आणि तिचा अर्थ दुहेरी आहे. माझा वरचा मसुदा बाजूला ठेवा. आता असं लिहा:

"डिस्चार्ज बुकाच्या पदकांच्या पानावर स्टारची नोंद संक्षिप्त व अस्पष्ट आहे. शीट रोल व पार्ट टू ऑर्डर क्रमांक (वाचता येतो तेवढा) यावरून सदर पदक पूर्वी स्टार असल्याची खात्री करून पदकांच्या नोंदींचा साक्षांकित उतारा द्यावा. सदर पदक मला प्रत्यक्ष मिळालेले नाही, ते देण्याची कार्यवाही व्हावी."

शेवटचं वाक्य काकांना विचारून. मिळालंच नव्हतं की घरात कुठे हरवलं?

पात्रता तुम्ही सिद्ध करायची नाही. ८ गार्ड्स, मार्च १९७१ ते १९७४, एवढ्या दोन तारखा खाली लिहून द्या. चुकून पश्चिमी चढलं असेल तर त्यांचं त्यांनाच दिसेल.

काळी_माती
ऑर्डर नंबरचे शेवटचे दोन आकडे आणि वर्ष फार मोलाचे. त्या वर्षाच्या ऑर्डरी क्रमानं असतात, तेवढ्यावरून शोधता येतं. डाग पुसायला रॉकेल, स्पिरिट, खोडरबर काही लावू नका. त्या पानाचे दोन फोटो काढून रंगीत प्रिंट जोडा, एक सरळ उजेडातला, एक बाजूच्या उजेडातला. काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये तो डाग नुसता काळा ठिपका येईल आणि कारकून लिहील, "नोंद आढळत नाही."

कलम_सहा
आणि ते फोटो इथे टाकाल तर नंबर झाकून टाका. पर्सनल नंबर आणि पीपीओ उघड्यावर ठेवायची गोष्ट नाही.

तुरीच्या_शेंगा
फोटो टाकणार नाही. काकांना विचारलं. मेडल हातात कधीच आलं नाही, फक्त फीत मिळाली होती, ती अजून ट्रंकेत आहे. फीतही पाठवायची का?

कामठी_लोकल
फीत पाठवू नका, तिच्यावर नाव नसतं, पुरावा म्हणून शून्य. ती ट्रंकेतच राहू द्या. मेडल आलं की त्याला नवी जोडून घ्या, जुनी विरलेली असेल.

ठेचा_भाकर
मी कायले खटाटोप म्हणलं होतं, ते मागं घेतो. रंगीत प्रिंट दारव्ह्याले बसस्टँडसमोर निघते का पाहा, नायतर यवतमाळ.

तुरीच्या_शेंगा
दारव्ह्यालाच निघते. अर्ज हिंदीत लिहून झाला, सोमवारी स्पीड पोस्टानं जाईल, प्रत यवतमाळला. आवक क्रमांक कळला की इथेच लिहिते.

पांदणरस्ता
पाकिटावर वरून "पदक नोंद स्पष्टीकरण, माजी सैनिक" असं लिहजा. नायतर पेन्शनच्या टेबलावर जाऊन पडते.